‘कळलं ना?’ असं विचारलं की ‘हो’च येतं

प्रिय ताई,

गेले आठ महिने मी आमच्या विभागात टीमलीडर आहे. त्याआधी सहा वर्षं त्याच टीममध्ये काम केलं. काम स्वच्छ, चुका कमी, फाइल वेळेच्या आधी तयार, म्हणून मला वर घेतलं. हाताखाली सात जण आहेत. त्यांतले चौघं कालपर्यंत माझ्या बरोबरीचे होते.

दिवस मीटिंगांमध्ये आणि इतरांच्या शंका सोडवण्यात जातो. रात्री घरी त्यांच्या फाइली तपासते. तपासते कसली, नव्याने करते. मीटिंगमध्ये सगळं नीट समजावते, ‘कळलं ना?’ विचारते, सगळे ‘हो’ म्हणतात, आणि दोन दिवसांनी भलतंच काहीतरी हातात येतं.

मागच्या महिन्यात टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने एका ग्राहकाला जुन्या आकड्यांची फाइल पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या ते लक्षात आलं होतं. तरी तो तीन दिवस गप्प राहिला. मला कळलं ते ग्राहकाचा फोन आला तेव्हा. मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ‘तीन दिवस काय झोपला होतास?’ असंही म्हणाले. वरिष्ठांना मेल केला, की टीममधील एका सदस्याकडून चूक झाली असून त्याला समज देण्यात आली आहे. त्या दिवसापासून टीम चिडीचूप आहे. मी आत आले की बोलणं थांबतं. जुनी मैत्रीणसुद्धा कामापुरतंच बोलते.

ऑफिसने दोन दिवसांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं होतं. त्याच्या नोंदी ड्रॉवरमध्ये पडून आहेत. हे मुळात अंगात असावं लागतं का? की अनुभवाने येतं? येत असेल तर किती वर्षांनी? आणि सरळच विचारते, हे पद सोडून माझं जुनं काम परत मागून घेऊ का?

रात्री फाइली उघडून बसणारी


सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘दुसऱ्याच दिवशी त्याच्या ते लक्षात आलं होतं.’ तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून पुढे गेलात. मला मात्र सगळं पत्र त्याच एका वाक्यात दिसलं. पाठवलेली फाइल दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघणारा मुलगा कामचुकार नसतो. त्याला चूक दिसली, ती मोठी आहे हेही कळलं, आणि त्यानंतर तीन दिवस तुमच्या टेबलापर्यंतचं अंतर त्याला चालून येता आलं नाही. तो झोपला नव्हता हो. मला तर वाटतं त्या तीन रात्री त्याला धड झोपच लागली नसेल.

म्हणजे प्रश्न त्याने चूक का केली हा नाहीच. तो तुमच्याकडे का आला नाही, हा आहे. आणि त्याचं उत्तर त्या फोनच्या दिवसात शोधू नका. ते त्याआधीच्या सात महिन्यांत, कुठल्यातरी साध्या दिवशी, तुम्हाला आठवणारही नाही अशा एखाद्या वाक्यात असेल.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण माझं वाक्य मला आठवतंय.

मी बरीच वर्षं एका मासिकाच्या निर्मिती विभागात होते. शेवटची काही वर्षं तो विभाग माझ्याकडेच होता. आमच्याकडे एक मुद्रितशोधक होते, वयाने माझ्याहून मोठे, अतिशय शांत. ऱ्हस्व-दीर्घापलीकडे सहसा बोलत नसत. एकदा त्यांनी एका लेखाच्या मांडणीबद्दल काहीतरी सुचवलं. अंक संध्याकाळी छपाईला जायचा होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. प्रूफवरून मान वर न करता मी म्हटलं, ‘तुम्ही शुद्धलेखन बघा हो, मांडणीचं मी बघते.’ आवाज चढवला नव्हता. अपमान करायचा तर विचारही मनात नव्हता. चार सेकंदांची गोष्ट.

सहा-सात महिन्यांनी एका विशेषांकाची अनुक्रमणिका चुकीची छापली गेली. शेवटच्या घटकेला एक जाहिरात आत आली होती, तिच्यामुळे पुढची सगळी पानं दोनने सरकली आणि अनुक्रमणिका जुनीच राहिली. अंक छापून, बांधून तयार. मी डोकं धरून बसले होते तेव्हा ते गृहस्थ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘मला रात्री दिसलं होतं. पण मांडणीचं तुम्ही बघता ना, म्हटलं पाहिलं असेल.’ त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उलटून रागावता तरी आलं असतं.

आमचं नुकसान छपाईचं झालं. काही ठिकाणी याची किंमत फार मोठी पडते. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन बोईंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती. धुकं होतं, विमानांची गर्दी होती, रेडिओवर एकाच वेळी दोघं बोलल्याने संदेश दबले होते. पण कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एक क्षण आहे. उड्डाणासाठी धावायला लागलेल्या विमानातला फ्लाइट इंजिनिअर विचारतो, ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठासून सांगतो, झालंय. इंजिनिअर पुन्हा विचारत नाही. त्यानंतर काही सेकंदांत धडक.

तो कॅप्टन नवखा नव्हता. त्याच्या कंपनीतला अतिशय अनुभवी, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस होता. म्हणून तुमचा ‘अनुभवाने येतं का’ हा प्रश्न मला जरा फसवा वाटतो. अनुभव त्याच्याकडे भरपूर होता. त्याला विचारणारा माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडेल, एवढी जागा मात्र तिथे उरली नव्हती. विमानक्षेत्राने यातून आणि अशाच इतर अपघातांतून जो धडा घेतला, तो मला फार मोलाचा वाटतो. १९७९ मध्ये नासाने या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात विमान उडवण्याचं तंत्र नव्हतं. कॅप्टनने ऐकायचं कसं आणि कनिष्ठाने अडवायचं कसं, हे शिकवायचं होतं. पुढे हे प्रशिक्षण जगभर नेहमीचं झालं. म्हणजे ही गोष्ट शिकता येते. ‘अंगात असावं लागतं का’ याचं माझ्यापुरतं उत्तर इथेच संपलं.

आता अनुभवाबद्दल थोडं. प्रशिक्षणात तुम्हाला कदाचित ७०-२०-१० चं गणित सांगितलं असेल, की माणूस सत्तर टक्के प्रत्यक्ष कामातून शिकतो, वीस टक्के इतर माणसांकडून आणि दहा टक्के वर्गात. हे आकडे अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या १९८० च्या दशकातल्या कामातून आले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्ही घडलात कशाने? त्यांनी आठवून सांगितलं, त्याचा हा ढोबळ हिशेब. तराजूत तोललेला नाही. पण रोख बरोबर वाटतो. तुमच्या ड्रॉवरमधल्या नोंदींबद्दल फार अपराधी वाटून घेऊ नका.

मात्र एक गोम आहे. अनुभव शिकवतो खरा, पण बरोबरच शिकवेल याची हमी नाही. त्या अनुक्रमणिकेच्या प्रसंगातून मीही आधी चुकीचाच धडा घेतला होता: ‘कुणावर विसंबायची सोय नाही, यापुढे प्रत्येक पान स्वतः बघायचं.’ दोन-तीन अंक मी तसं केलंही. रात्री नऊ-नऊपर्यंत बसायचे. लोकांना दिसलं, की बाई सगळं बघतातच. मग त्यांनी बघणं सोडलं. पाट्या टाकणं सुरू झालं, आणि ते मीच सुरू करून दिलं होतं. तुमच्या रात्रीच्या फाइली वाचून मला ते दिवस आठवले. तुमच्या टीममधला प्रत्येक जण आज फाइल देताना मनातल्या मनात म्हणत असणार, काही राहिलं तर मॅडम रात्री करतीलच.

आणि आता ती चिडीचूप टीम. तुम्हाला वाटत असेल, निदान चुका तरी कमी झाल्या. खरंच झाल्या का? एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये संशोधन करत होत्या तेव्हा त्यांनी रुग्णालयांतल्या औषधं देण्याच्या चुका अभ्यासल्या. जिथे टीम चांगली तिथे चुका कमी, असं दिसेल अशी अपेक्षा होती. आकडे आले उलटे. चांगल्या म्हणवणाऱ्या विभागांत चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथे चुका जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे प्रमुखाची धास्ती होती, तिथे त्या पोटात ठेवल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते तुमच्याकडे चुका थांबलेल्या नाहीत, तुम्हाला कळणं थांबलंय.

तुमच्या मेलबद्दलही बोलायला हवं. ‘टीममधील एका सदस्याकडून चूक झाली असून त्याला समज देण्यात आली आहे.’ कचेरीच्या मराठीत हे वाक्य अगदी बिनचूक आहे. निर्णय घेण्यात येतो, विलंब होतो, काम राहून जातं, समज देण्यात येते. कर्ता कुठेच नाही. आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे, माणूस अलगद वाक्याबाहेर निघून जातो. तुमच्या वाक्यात मात्र एक माणूस आत राहिलाय, तो म्हणजे ‘एक सदस्य’. बाहेर गेलात त्या तुम्ही. फाइल ग्राहकाकडे जाण्याआधी ती दुसऱ्या कुणी बघायची पद्धत का नव्हती, हा प्रश्न त्या मेलमध्ये नाही. ती पद्धत घालून देणं तुमच्या हातात होतं.

दुसऱ्या महायुद्धात, ५ जून १९४४ ला, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईच्या आदल्या दिवशी, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी मोहीम फसलीच तर द्यायचं निवेदन एका कागदावर लिहून ठेवलं होतं. तारीखसुद्धा त्यांनी त्यावर चुकून ५ जुलै घातली आहे, यावरून मनाची अवस्था कळावी. त्या कागदावर एक खाडाखोड आहे. आधी त्यांनी लिहिलं होतं, सैन्य मागे घेण्यात आलं आहे. मग ते खोडून लिहिलं, मी सैन्य मागे घेतलं आहे. आणि खाली, दोष कुणाचा असेलच तर तो एकट्या माझा. मोहीम फत्ते झाली, कागद वापरावा लागला नाही. मला त्या निवेदनापेक्षा ती खाडाखोड जास्त आवडते. पहिल्या झटक्यात त्यांच्याही हातून ‘घेण्यात आलं’च उतरलं होतं.

तेव्हा पहिलं काम हे. वरिष्ठांना आणखी एक मेल लिहा, दोन ओळींचा: ‘मागच्या फाइलच्या बाबतीत पाठवण्यापूर्वी दुसऱ्या नजरेने तपासण्याची पद्धत मी ठेवली नव्हती. ती आता ठेवली आहे.’ बस्स. त्यात स्वतःला झोडपू नका. वरिष्ठांना रडगाणं नको असतं आणि तुम्हालाही त्याची गरज नाही.

दुसरं काम जास्त जड आहे. तुम्ही त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललात, तर माफीही सगळ्यांसमोरच मागावी लागेल. एकट्याला बाजूला घेऊन ‘तेवढं मनावर घेऊ नकोस’ म्हणून भागणार नाही. बाकीच्या सहा जणांनी ते दृश्य पाहिलंय, आणि ते सहाही जण तेव्हा स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघत होते. पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीला, उभ्या-उभ्या, एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी मी याला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं. चूक दिसली की माझ्याकडे येता यायला हवं होतं. ते येता येत नव्हतं, यात माझा वाटा आहे.’ आणि लगेच कामाच्या विषयावर या. कुणी ‘नाही नाही मॅडम, तसं काही नाही’ म्हणायला लागलं तरी त्यात अडकू नका. ‘पण’ने सुरू होणारं वाक्य तर अजिबात जोडू नका. ‘माझं चुकलं, पण तीन दिवस म्हणजे...’ असं म्हणालात की मागितलेली माफी तुम्ही तिथल्या तिथे परत घेतलीत.

त्या तीन दिवसांबद्दल त्याच्याशी बोलायचं नाही, असं मात्र नाही. चूक दडवणं हा गुन्हाच आहे, आणि तो त्याला कळायला हवा. पण ते बंद दाराआड, वेगळ्या दिवशी. मी लाड करायला सांगत नाहीये. अलीकडे ‘टीमला सुरक्षित वाटलं पाहिजे’ याचा अर्थ कुणाला काही बोलायचंच नाही, असा काही जण लावतात. त्यानेही काम बिघडतं.

आता तुमचा ‘कळलं ना?’. या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. ‘नाही कळलं’ म्हणणाऱ्याला सहा जणांसमोर स्वतःला मठ्ठ ठरवून घ्यावं लागतं, कोण ठरवून घेईल? ‘काही शंका?’ हे त्याचंच सावत्र भावंड. त्याऐवजी विचारा, ‘यातलं पहिलं काय कराल?’ किंवा ‘हे कुठे अडेल असं वाटतं?’ आता गप्प बसून चालत नाही आणि बोलून कुणी मठ्ठही ठरत नाही. विचारल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजा. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तुमच्या जिभेला खाज सुटेल, उत्तर तुम्हीच द्यावंसं वाटेल. देऊ नका. आणि सगळ्यात नव्याला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी. प्रमुख आधी बोलला की बाकीचे री ओढतात, त्यात त्यांचा दोष नाही.

राहिल्या रात्रीच्या फाइली. एकदम बंद करा म्हटलं तर तुम्ही करणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एक फाइल निवडा, फार जोखमीची नसलेली. तिच्यावर दोन रंगांनी खुणा करा. जे चुकीचं आहे ते लाल: आकडा, तारीख, नाव, बेरीज. जे चुकीचं नाही, पण तुम्ही वेगळं केलं असतं, ते निळं. मी एकदा माझीच जुनी प्रूफं काढून मोजली होती. लाल शाईने मी केलेल्या खुणांपैकी निम्म्याहून जास्त खुणा ‘तथापि’ काढून ‘पण’ घालण्याच्या जातीच्या होत्या! म्हणजे मी चुका काढत नव्हतेच. लोकांना माझ्यासारखं लिहायला लावत होते, आणि त्यालाच दर्जा म्हणत होते. तुमच्या निळ्या खुणा कुणालाही दाखवू नका. त्या तुमच्यासाठी आहेत. लाल खुणाही दुरुस्त करून देऊ नका. ‘चौथ्या पानावरच्या तक्त्यात काहीतरी बसत नाहीये, बघशील का?’ एवढं म्हणून फाइल परत द्या. पहिल्या वेळी याला तुम्ही स्वतः केलं असतं त्याच्या दुप्पट वेळ लागेल. तुमचा जीव वरखाली होईल. होऊ दे.

काम देतानाही थोडं बदला. काय हवंय, कधी हवंय आणि मधे एकदा कधी बघणार, या तीन गोष्टी आधीच सांगा. मधे बघायची वेळ ठरलेली असली की येता-जाता डोकावायची गरज राहत नाही. डोकावणाऱ्या माणसासमोर कुणाचाच हात नीट चालत नाही.

या सगळ्यात शिकणं कुठे आहे, असं विचाराल. अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकापासून एक रीत आहे. सराव संपला की लगेच, सगळ्या हुद्द्यांच्या माणसांनी एकत्र बसायचं आणि बघायचं: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं. त्यात कनिष्ठही वरिष्ठाच्या निर्णयाबद्दल बोलू शकतो. तुमच्या टीममध्ये हे लगेच सुरू करू नका. आज ते सुरू केलंत तर सात जण टेबलाकडे बघत बसतील. आधी महिनाभर एकट्यानेच करा. एक छोटी वही ठेवा. ऑफिसमधून निघण्याआधी तीन ओळी: आज मला काहीतरी सांगायला कोण आलं, मी तोंडातून काढलेलं पहिलं वाक्य काय होतं, आणि त्यानंतर त्या माणसाने काय केलं. निर्णय, धोरणं, टीमचं ध्येय, यातलं काही लिहू नका.

पहिलं वाक्यच का? कारण समोरचा पुढच्या वेळी यायचं की नाही, ते त्यावरून ठरवतो. ‘आत्ता नको.’ ‘मी सांगितलं होतं ना?’ ‘हे तुला आता सुचतंय?’ आठवडाभरात वहीत असलं काहीबाही उतरेल आणि तुमची तुम्हालाच लाज वाटेल. मला वाटली होती. माझ्या वहीत ‘कोण आलं’ या ओळीपुढे पहिले तीन दिवस ‘कोणी नाही’ असं होतं. दिवसभर माझ्याभोवती माणसं होती आणि मला सांगायला कोणी आलं नव्हतं.

पुढे कधीतरी ते मुद्रितशोधक एक पान घेऊन आले. ‘ताई, हा मथळा आणि आतला मजकूर जुळत नाही, बहुतेक.’ ते मी सकाळीच पाहिलं होतं, माझ्या कागदावर खूणही केली होती. ‘हो, पाहिलंय मी’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि म्हटलं, ‘बरं झालं दाखवलंत.’ पुढच्या आठवड्यात त्यांनी दाखवलेली चूक मी पाहिलेली नव्हती.

मैत्रिणीबद्दल थोडक्यात. ती नातं तोडून बसलेली नाही, ती अंदाज घेतेय. तिच्या कामाचं मोजमाप आता तुम्ही करणार आहात, त्यामुळे आधीसारखं सगळं मोकळं राहणार नाही. ‘आपल्यात काही बदललेलं नाही’ असं तिला सांगू नका, तिला खोटं कळतं. ‘हे मला अवघड जातंय, तुलाही जात असेल’ एवढं म्हणून बघा. बाकीचं तिच्यावर सोडा.

आणि शेवटचा प्रश्न, जुनं काम परत मागू का. यात कमीपणा काहीच नाही. २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांच्या विक्री विभागांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि प्रमुख म्हणून तेच तुलनेने कमी पडत होते. म्हणजे हाताने उत्तम काम करणाऱ्याला उचलून वर बसवायचं आणि मग तो चाचपडला की नवल करायचं, हे सगळीकडे चालतं. काही जणांना खरोखरच माणसांपेक्षा कामात जास्त रस असतो. तुम्ही त्यांतल्या असाल तर खुशाल मागा परत, आणि खाली मान घालून मागू नका.

फक्त आज मागू नका. आज तुम्ही दोन नोकऱ्या करताय, दिवसा टीमलीडरची आणि रात्री तुमची जुनी. थकवा कुठल्या नोकरीचा आहे हे तुम्हाला या घडीला सांगता येणार नाही. रात्रीची नोकरी आधी सोडा. सलग तीन महिने एकही फाइल घरी न्यायची नाही. त्यानंतरही सकाळी ऑफिसला जाताना पोटात गोळा येत असेल, तर वरिष्ठांशी बोला. आणि मला त्या वहीतलं एखादं पान पाठवा, ‘कोण आलं’ या ओळीपुढे त्या मुलाचं नाव पहिल्यांदा आलं त्या दिवसाचं.

तुमची,
ताई